थर्मामीटर: दोनशे रुपयांच्या वस्तूचा लांबलचक रिव्ह्यू

पांढरकवड्याच्या बाजारात माझं घड्याळ आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. राहायला आत खेड्यावर. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू उघडून बघणं हाच धंदा, त्यामुळे कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती घेऊ नये हे सांगायची सवय लागलेली. आजवर इअरफोन आणि पॉवर बँकांवर लिहिलं. या वेळी डिजिटल थर्मामीटरवर लिहून राहिलो, आणि ते लांबणार आहे, कारण ही वस्तू आमच्या घरात साध्या सर्दी-तापासाठी आलेली नाही. माझ्या पोरीला, मनूला, लुकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टर एएलएल म्हणतात तो, लहान लेकरांत सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर. उपचार चालू आहेत, पोरगी ठीक आहे, आत्ता अंगणात कोंबडीमागे धावून राहिली.

निकाल आधीच सांगतो, पुढचं ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. मेडिकलमध्ये दीडशे ते अडीचशेत मिळणारा, कडक टोकाचा, बगलेत धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. दोन घ्या. कपाळावर रोखायची ती बंदूक घेऊ नका. पाऱ्याचा घरात असला तर असू द्या, पण लेकरू त्याच्या भरवशावर सोडू नका. आणि उन्हाळ्यात तो कुठे ठेवता तिकडे लक्ष द्या. यावर खाली बरंच लिहिलंय, कारण ते कोणत्याच डब्यावर मराठीत छापलेलं नसतं. कंपन्यांची नावं लिहीत नाही. आपल्याकडे तालुक्याला मेडिकलवाल्यानं जो माल भरला तोच मिळतो, नाव वाचून काय करणार?

आता एवढ्याशा कांडीचं एवढं महत्त्व कशाला, ते सांगतो. त्यासाठी आजारच थोडा समजून घ्यावा लागेल.

रक्त बनतं हाडांच्या आतल्या मगजात, बोन मॅरोत. तिथली एक पांढरी पेशी कच्चीच राहते आणि तशीच वाढत सुटते. या कच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. पऱ्हाटीत गाजरगवत माजलं की जागा तेच खातं, खत तेच खातं आणि बोंडं काही धरत नाहीत, तसं आत चाललेलं असतं. लाल पेशी पुरेशा बनत नाहीत म्हणून लेकरू पांढरंफटक पडतं. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट बनत नाहीत म्हणून कुठे न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. मगजातच दाटी झाल्यानं हाडं दुखतात. आणि जंतूंशी लढणाऱ्या कामाच्या पांढऱ्या पेशी उरत नाहीत, म्हणून ताप येतो, जातो, पुन्हा येतो.

मनूचं नेमकं असंच झालं. पोळ्याच्या सुमारास रात्री पाय दुखतात म्हणून रडायची. दिवसा पायऱ्या चढायला नको म्हणायची. आमच्या भागात लेकरू पांढरं आणि हाडं दुखतात म्हटलं की सगळ्यात आधी सिकलसेलचं, रक्ताच्या पिढीजात आजाराचं, नाव तोंडात येतं, आणि त्यात कोणाचं चुकतही नाही, विदर्भात तो आहेच तेवढा. आशाताईनं आरोग्य केंद्रात नेलं. सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह आली. तरी पांढरेपणा काहून आहे म्हणून सीबीसी, रक्तातल्या पेशी मोजायची चाचणी, केली. हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट २२ हजार, पांढऱ्या पेशी ६८ हजार, आणि त्याखाली लॅबवाल्या पोरानं पेनानं लिहिलेलं, ‘ब्लास्ट दिसतात, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या’. त्या पोराचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. गावातले एक जण कागद बघून म्हणाले, ‘पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली नं गा!’ मी तेव्हा काही बोललो नाही. ६८ हजारांत बहुतेक सगळा गाजरगवताचाच भरणा होता.

नागपूरला बोन मॅरोची तपासणी झाली, प्रकार ठरला, महात्मा फुले योजनेत कागद लागले. रेशन कार्ड आणि आधार घेऊनच निघा, त्यासाठी परत गावाला यायला लागू नये. मग पहिला टप्पा, त्याला इंडक्शन म्हणतात, साधारण महिनाभराचा. शिरेतून औषधं, तोंडानं स्टेरॉइड, आणि अधूनमधून पाठीच्या मणक्यात सुई, कारण मेंदूभोवतीच्या पाण्यात लपलेल्या पेशींपर्यंत शिरेतलं औषध नीट पोचत नाही. त्यानंतरचे टप्पे मिळून सगळं दोन ते अडीच वर्षं चालतं.

इथेच थर्मामीटरचा प्रवेश होतो. किमो, म्हणजे हीच कॅन्सरची औषधं, गाजरगवत मारते तेव्हा पीकही मारते. औषध गेल्यावर काही दिवसांनी ‘काऊंट पडतात’, वॉर्डातली प्रत्येक आई हेच शब्द वापरते. त्यातला महत्त्वाचा काऊंट म्हणजे एएनसी, लढणाऱ्या पेशींची, म्हणजे न्यूट्रोफिलची खरी संख्या. हिशेब सोपा आहे, सीबीसीच्या कागदावर स्वतः करता येतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यानं गुणा आणि शंभरानं भागा. एकूण १८००, न्यूट्रोफिल २० टक्के, तर एएनसी ३६०. पाचशेच्या खाली म्हणजे अंगात पहारेकरीच नाहीत. अशा वेळी जंतू शिरला तर पू होत नाही, गळू होत नाही, खोकलाही येईलच असं नाही. बाहेर दिसणारी खूण एकच, ताप. आणि तोही घरच्यांनी मोजला तरच दिसणार.

आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर शिक्का मारलाय: एकदाच १०१ फॅरनहाइट, किंवा १०० पूर्णांक ४ तासभर टिकला, तर फोन करा आणि निघा. काही दवाखाने थोडा वेगळा आकडा देतात, तुमच्या फाइलवरचाच धरा. निघा म्हणजे सकाळी बघू असं नाही. तापाचं अँटिबायोटिक दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेत गेलं पाहिजे, असा त्यांचा नियम. आता पांढरकवडा ते नागपूर दीडशे किलोमीटर, गावातून हायवेला लागायलाच अर्धा तास. म्हणून डॉक्टरांनी एक पत्र दिलंय: आजार काय, कोणतं अँटिबायोटिक, वजनाप्रमाणे किती, पहिला डोस जवळच्या दवाखान्यात द्यावा, मग पाठवावं. हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत थर्मामीटरसोबतच ठेवतो. खेड्यावरच्या प्रत्येक आईबापानं आपल्या डॉक्टरांकडून असं पत्र मागून घ्यावं. मागितल्याशिवाय कोणाला सुचत नाही.

श्रीमंत देशांत या आजारातून शंभरातली नव्वदच्या आसपास लेकरं बरी होतात. आपल्याकडे आकडा त्याहून कमी आहे. त्याची मोठी कारणं दोन, एक म्हणजे मधेच सोडून दिलेले उपचार आणि दुसरं म्हणजे संसर्ग. पहिल्याला थर्मामीटर काही करू शकत नाही. दुसऱ्यात तो पहिला साक्षीदार.

बरं, वस्तूकडे येतो.

बंदूक. कोरोनाच्या वेळची, दुकानात पडून होती, ग्राहकांच्या कपाळावर रोखायला घेतलेली. ती कातडीतून निघणारी उष्णता लांबून वाचते. कपाळावर घाम असला की कमी दाखवते, उन्हातून आलेल्या माणसाला जास्त दाखवते, दोन बोटं अंतर बदललं की आकडा बदलतो. मनूच्या कपाळावर एका दमात तीनदा रोखली, तीन वेगळे आकडे आले आणि सगळ्यात वरच्या-खालच्यात एका अंशाचा फरक. जिथे निर्णय १०० आणि १००.४ च्या मधे होतो, तिथे ही वस्तू खेळण्यातली. गर्दी चाळायला ठीक आहे, काऊंट पडलेल्या लेकराला नाही.

पाऱ्याचा. आजोबांच्या वेळचा, अजून बरोबर चालतो. पाऱ्यावर माझा विश्वास आहे, काचेवर नाही. स्टेरॉइडवरची चिडलेली पोरगी हात झटकते, काच फुटली की बगलेत जखम आणि पारा घरभर. तोंडात तर द्यायचाच नाही, किमोनं तोंडात फोड येतात आणि लहान लेकरू चावतं. तो मी फक्त बाकीचे तपासायला ठेवलाय.

शौचाच्या जागेतून ताप मोजायची पद्धत काही ठिकाणी आहे. या लेकरांना ती पूर्ण बंद. आतली नाजूक कातडी फाटली तर तिथूनच जंतू रक्तात जातात. कमरेत सुई मारायलाही असाच नकार द्या, प्लेटलेट कमी असताना आत रक्त साकळतं. गावातल्या सुईवाल्यांना हे पटत नाही, त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नका, सरळ नाही म्हणा.

डिजिटल क्रमांक एक. लवचीक टोकाचा, साडेतीनशेचा. मऊ असतो, लेकराला टोचत नाही म्हणून मेडिकलवाल्यानं गळ्यात मारला. पावसाळा संपायच्या आत ‘एरर’ दाखवायला लागला. उघडला. टोकाच्या धातूच्या टोपीत एक छोटासा थर्मिस्टर असतो, उष्णतेप्रमाणे त्याची वीज अडवायची ताकद बदलते, आणि त्याच्यापासून सर्किटपर्यंत दोन अगदी बारीक तारा येतात. लवचीक मानेतून जाताना या तारा रोज वाकतात. त्यातली एक मानेपाशीच तुटलेली होती, तीही पूर्ण नाही. सरळ धरला की जोडली जायची, वाकवला की सुटायची. म्हणजे कधी आकडा यायचा, कधी नाही. बंद पडलेली वस्तू परवडली, पण अशी अर्धवट चालणारी घरात नको. डाग देऊन चालू करता आला असता, पण पोरीसाठी वापरायला मन धजलं नाही. ज्यांना लवचीकच हवा त्यांनी घ्यावा, मी तरी साडेतीनशे रुपये वाकण्यासाठी देणार नाही.

डिजिटल क्रमांक दोन आणि तीन. कडक टोकाचे, साधे, एकाच मेडिकलमधून. एक एकशे ऐंशीचा, दुसरा दोनशे दहाचा. डब्यावर लिहिलंय चूक कमी-जास्त ०.१ सेल्सिअस, म्हणजे ०.२ फॅरनहाइट. तपासलं. गंजात कोमट पाणी घेतलं, हाताला जेमतेम ऊन लागेल एवढं, आणि पाऱ्याच्यासोबत दोघांना एकत्र बुडवलं. पाणी ढवळत राहायचं, नाहीतर वर एक आणि खाली एक तापमान. पाऱ्याचा १०१.२, एक डिजिटल १०१.१, दुसरा १०१.३. पास. पाणी १०७ च्या वर नेऊ नका, पाऱ्याची काच तडकेल. ही तपासणी घरी कोणीही करू शकतं, आणि नवीन थर्मामीटर आणल्या दिवशी करावीच.

वापरायची पद्धत. बगल कोरडी पुसायची, ओला घाम गारवा देतो. टोक बगलेच्या वरच्या खोबणीत, कपड्याला नाही, कातडीला टेकलं पाहिजे. हात छातीशी दाबून धरायचा. आता बीपचं सांगतो. तापमान वाढायचं थांबलं असं यंत्राला वाटलं की ते वाजतं. बगल हळू तापते, म्हणून बऱ्याचदा ते घाईनं वाजतं. बीपनंतरही काढू नका. मी पूर्ण पाच मिनिटं धरतो आणि ०.४, ०.५ वाढलेलं कितीदा पाहिलंय. मनू त्या आवाजाला ‘टुंई’ म्हणते. ‘बाबा, टुंई झालं, काढ नं आता.’ नाही गं बाई, अजून एक गोष्ट सांग, मग काढतो. बगलेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी असतो, म्हणून फाइलवरचा आकडा बगलेचा आहे की तोंडाचा, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

फॅरनहाइट-सेल्सिअसचा घोळ. बटण दाबून धरलं की एकातून दुसऱ्यात जातो. एकदा मी दुकानात, मनूची आई शेतात, आणि आजीनं मोजून फोनवर सांगितलं, ‘सदतीस नऊ हाय. काई नाई, थंड हाय पोरगी.’ सदतीस पूर्णांक नऊ सेल्सिअस म्हणजे १००.२ फॅरनहाइट, अगदी उंबरठ्यावर. तेव्हापासून भिंतीवर खडूनं लिहिलंय: ३८ म्हणजे १००.४, ३८.३ म्हणजे १०१. ज्या थर्मामीटरचं युनिट चुकून बदलूच शकत नाही असा मिळाला तर तोच घ्या.

आजीचा आणि या कांडीचा तसाही छत्तीसचा आकडा. ‘हात लावून पाय नं, कढत कुठं हाय? कायले घडीघडी तिच्या बगलेत खुपसून राह्यला?’ आजीच्या हातानं आम्हा चौघा भावंडांचा ताप बरोबर ओळखला, हे मला मान्य आहे. पण तिचा हात १०० आणि १०१ यात फरक करत नाही, आणि नागपूरच्या सिस्टरनं मला पहिल्याच फोनला सांगितलं होतं, ‘दादा, अंग गरम आहे असं सांगू नका. आकडा सांगा, आणि किती वाजता मोजला ते सांगा.’ तेव्हापासून एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, आकडा, कोणती बगल. थर्मामीटरमध्ये मागचा एकच आकडा साठतो आणि त्याला वेळ जोडलेली नसते, त्यामुळे ती सोय बिनकामाची.

आता उन्हाळा. या कारणासाठीच खरं तर लिहायला बसलो.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ सेल्सिअस ही बातमी नसते. डब्यातल्या घडी घातलेल्या कागदावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं की वापरताना भोवतालचं तापमान १० ते ४० सेल्सिअस असावं. ज्यानं हे लिहिलं त्यानं वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिनाखाली बसून नक्कीच लिहिलेलं नाही. दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला, की आमच्या खोलीत ४२ होतात. कपाटावर ठेवलेल्या थर्मामीटरचं टोकही ४२ वर बसलेलं असतं, म्हणजे १०७.६ फॅरनहाइट. आणि हे यंत्र सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवणारं आहे. चालू करून बगलेत घातलं की सुरुवातच १०७ वरून, आणि खाली उतरायचं नावच नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मनूची आई ओरडतच बाहेर आली. पोरगी मात्र मजेत आइसकांडी चोखत होती.

पाऱ्याच्या थर्मामीटरचीही तीच गत. झटका, पुन्हा झटका, पारा उतरतच नाही, कारण हवाच तेवढी तापलेली. बंदुकीबद्दल तर बोलायलाच नको.

उपाय साधा आहे. टोक माठातल्या पाण्यात दोन मिनिटं बुडवायचं, कोरडं पुसायचं, मग लगेच चालू करून बगलेत. बुडवताना यंत्र बंद पाहिजे. आधी चालू करून मग थंड केलं तर तो जुना वरचा आकडाच धरून बसेल. ठेवायची जागा माठाच्या तिवईशेजारी, छोट्या स्टीलच्या डब्यात. फ्रिजच्या डोक्यावर नाही, टीव्हीमागे नाही, आणि मोटारसायकलच्या डिक्कीत तर अजिबात नाही. डिक्कीत उन्हात राहिलेल्या एकाची स्क्रीन काळी पडून माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. सावलीत ठेवल्यावर आकडे परत आले, पण मी त्यांना नवीनच घ्यायला सांगितला.

दुसरा प्रश्न, लेकरूच उन्हानं तापलं असेल तर? सिस्टरनं सांगितलं ते असं की सावलीत बसवा, पाणी पाजा, अंग पुसा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा तिथेच असला तर ऊन-बिन विसरा आणि निघा. लेकरू मलूल दिसत असेल तर ती पंधरा मिनिटंही थांबू नका.

थंडीत उलटं. डिसेंबरच्या पहाटे टोक गार असतं, वेळ जास्त लागतो, बाकी त्रास नाही.

जी गोष्ट थर्मामीटर सांगू शकत नाही तीही लिहिली पाहिजे, नाहीतर हा रिव्ह्यू धोकादायक ठरेल. स्टेरॉइड चालू असताना ताप दबतो. आत संसर्ग पसरलेला असतो आणि आकडा ९८.६. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं पोरगं असंच होतं, ताप नाही, पण हातपाय गार, पोट दुखतंय आणि डोळे उघडायला तयार नाही. त्याच्या आईला ते कळलं, यंत्राला नाही. म्हणून आकडा बरोबर असला तरी लेकरू नेहमीसारखं वाटत नसेल तर फोन करायचाच. आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही. ते ताप उतरवून एकमेव खूणच पुसून टाकतं. ब्रुफेन, ॲस्पिरिन तर नाहीच, प्लेटलेटचं काम बिघडतं.

प्रत्यक्ष उपयोग कधी झाला? दिवाळी झाल्यावर. कापूस वेचणी चालू, मनूची आई थकून झोपलेली. रात्री अकराला १००.४. साडेअकराला १००.६. बाराला १००.८. तासभर टिकलाय हे वहीत लिहिलेलं होतं, म्हणून घरात चर्चाच झाली नाही. फोन केला, शेजारच्या भाऊंनी गाडी काढली. रस्त्यातल्या एका दवाखान्यात रात्रपाळीचे डॉक्टर म्हणाले, किमोचा पेशंट आम्ही इथे हात लावत नाही, सरळ नागपूरला न्या. मी वाद घातला नाही, पत्र पुढे केलं आणि खाली लिहिलेल्या नंबरवर नागपूरच्या डॉक्टरांशी त्यांचंच बोलणं करून दिलं. दोन मिनिटं बोलले, मग स्वतः सलाइन लावून पहिला डोस दिला. नागपूरला एएनसी १८० निघाला. आठवडाभर मुक्काम पडला, आली घरी. पुढच्या वेळी मी त्या रात्रपाळीच्या डॉक्टरांसाठी घरची तुरीची डाळ घेऊन गेलो, तर घेईनात.

आता मनू मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात आहे. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, हे डब्यावर मार्करनं लिहा, रोज दिली तर जीवावर बेतते. या मेथोट्रेक्सेटच्या मागे आपला माणूस आहे, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रचे, अमेरिकेत औषध कंपनीत संशोधन करायचे. त्यांच्या गटानं बनवलेलं अमिनोप्टेरिन घेऊन १९४७-४८ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी लुकेमियाच्या लेकरांवर पहिल्यांदा वापरलं, आणि काही लेकरं काही काळापुरती का होईना सावरली. त्याआधी या आजाराला काहीच नव्हतं. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. आणि मनूला शिरेतून मिळतं ते व्हिन्क्रिस्टिन निघतं सदाफुलीतून, आपल्या अंगणातल्याच. हे गावात सांगायची सोय राहिली नाही. सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी एक मामा सदाफुलीच्या पाल्याचा काढा घेऊन हजर. मामा, ते औषध मापात शिरेतून देतात, चुकून मणक्यात गेलं तर माणूस मरतो एवढं जहाल, आणि तुम्ही पातेलंभर उकळून आणलं. मामा रागावले, पण काढा गोठ्यामागे ओतला गेला.

किरकोळ गोष्टी. बॅटरी एलआर-४१, बटणाएवढी, घड्याळवाल्याकडे दहा-वीस रुपयांत मिळते, मेडिकलमध्ये नाही. झाकण उघडत नाही असा सीलबंद थर्मामीटर घेऊ नका. बॅटरी बदलताना जुनी लेकराच्या हाती लागू देऊ नका, गिळली तर अन्ननळी जाळते. टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, उकळत्या पाण्यात नाही. या लेकराचा थर्मामीटर दुसऱ्या कोणाच्या बगलेत जाता कामा नये, पाहुण्याच्याही नाही. त्यासाठीच दोन सांगितले, आणि दुसरा मनूच्या मामाच्या गावी जाताना पिशवीत जातो. शाळा सुरू झाली की तिसरा घेऊन बाईंकडे देणार आहे, खडूनं लिहिलेला तक्ता सोबत.

मोबाइलला जोडणारा, बगलेत चिकटवून ठेवायचा, दर पाच मिनिटांनी आकडा पाठवणारा थर्मामीटर कसा, असं एका बापानं विचारलंय. मी वापरलेला नाही. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, त्यामुळे मला त्याचा उपयोग शून्य. शिवाय दर पाच मिनिटांनी आकडा यायला लागला तर मनूची आई झोपेल केव्हा?

गुण: बंदूक पाचपैकी एक. लवचीक टोकाचा दीड. पाऱ्याचा तीन, तोही तपासणीपुरता. कडक टोकाचा साधा डिजिटल साडेचार. अर्धा गुण कापला कारण स्क्रीनला उजेड नाही. रात्री लाइन नसताना एका हातानं पोरीचा हात धरायचा, दुसऱ्यानं कांडी तिरपी करायची आणि मोबाइलचा टॉर्च दातात धरून आकडा वाचायचा. वीस रुपये जास्त घ्या, पण लाइट द्या नं बापा.